रेघमॅडमचा भोपळा

गुण देणं रेघमॅडमना कधी जमलंच नाही. त्या चुका मोजायच्या.

तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, आणि तीही हाताने, बरं का. मोठा लाकडी बोर्ड, त्यावर क्लिपांनी ताणून बसवलेला कागद, सेट-स्क्वेअर, कंपास, आणि खिशात विसरली तर मांडीला समजावी इतकी टोकदार पेन्सिल. "मॅडम, हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग हे हाताने कशाला?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि दरवर्षी उत्तर तेच. "कॉम्प्युटर रेघ काढतो रे बाबा. कुठली काढायची ते तुझ्याच डोक्यातून यायचंय."

रेघमॅडम हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. कुणी कागदाला पेन्सिल टेकवली की बाई मागून यायच्या आणि विचारायच्या, "ही रेघ कशाची?" समोर दिसणारी कडा असेल तर रेघ ठसठशीत हवी, वस्तूच्या पोटात दडलेली कडा असेल तर तुटक हवी, आणि कशाचीच नसेल तर मुळात कागदावर येताच कामा नये. उत्तर देता आलं नाही की खोडायची. एका मुलीने पहिल्या महिन्यात इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं आणि तिचं नाव कायमचं खोडरबर पडलं. तिच्या पहिल्या कागदावर एकतीस चुका निघाल्या होत्या.

तपासायची पद्धतही बाईंची स्वतःची. हातात लाल पेन्सिल घ्यायची, प्रत्येक चुकीभोवती छोटं कडं करायचं आणि कोपऱ्यात बेरीज लिहायची. दहापैकी इतके, शंभरपैकी तितके, असली भानगडच नाही. वर्षअखेरी त्या चुकांचे गुण करून ऑफिसात द्यावे लागत, तेव्हा मात्र कडू औषध प्यावं तसं तोंड करून त्या ते काम उरकायच्या. सुरुवातीला पोरं आकडा बघून रडकुंडीला यायची. महिना उलटला की तीच पोरं डबा खाताना एकमेकांना विचारायची, "तुझ्या किती?" "नऊ. तुझ्या?" "सात! पण त्यातल्या दोन मला आधीच दिसल्या होत्या." चुकीची लाज वाटेनाशी झाली की पोरगं शिकायला लागलं, असं बाईंचं साधं गणित होतं.

आणि एकही चूक सापडली नाही तर? मग बाई लाल पेन्सिल कंपासात अडकवायच्या आणि कागदाच्या कोपऱ्यात शांतपणे एक गोल काढायच्या. गोल पुरा व्हायच्या आत वर्ग बोर्ड बडवायला लागायचा. "भोपळा! भोपळा!" साऱ्या दुनियेत भोपळा मिळाला की पोर तोंड लपवतं, पण या वर्गात भोपळ्यासाठी जीव टाकत होते लेकाचे. सत्र संपत आलं तेव्हा खोडरबरलाही एक मिळाला. तिने तो कागद गुंडाळला नाही, घडी घातली नाही, दोन्ही हातांवर आडवा धरून बसमधून घरी नेला.

आता बाईंच्या नोकरीचं सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण कंत्राटावर. दर उन्हाळ्यात जीव टांगणीला. यंदा मात्र कायमची एक जागा निघाली होती आणि प्राचार्यांनी त्यांना बोलावून सरळ सांगितलं होतं, "मॅडम, विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात सरासरी सहाच्या वर आली तर जागा तुमची. खाली आली तर कंत्राटही वाढवता येणार नाही. नवा नियम आहे, माझ्या हातात काही नाही."

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. मूळचा इतिहासाचा शिक्षक होता, मितभाषी होता, आणि नियमाबाहेर पाऊल टाकायला भ्यायचा. बाईंना भीती पगार सुटण्याची कमी आणि वर्ग सुटण्याची जास्त होती. ही नोकरी गेली तर हाताने रेघ काढायला शिकवणारं दुसरं कॉलेज आसपास उरलंच नव्हतं. इथून उठायचं म्हणजे आपल्या कामातूनच उठायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावरच्या गणिताच्या सरांनी मायेने सल्ला दिला. "मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी मी तास लवकर सोडतो, चार विनोद करतो, गोळ्या वाटतो. तुम्ही निदान हसा तरी! आणि पोरांच्या कानावर घाला की नोकरीचा प्रश्न आहे."

"मत मागून घेतलं की ते मत राहत नाही हो, भीक होते," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशीही सगळ्यांच्या चुका मोजून मोकळ्या झाल्या. नोकरीबद्दल वर्गात अवाक्षर काढलं नाही.

मूल्यमापन मोबाइलवर होतं. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहापैकी एक आकडा, आणि खाली हवं तर दोन शब्द लिहायला जागा. नाव कुणाचंच दिसत नाही. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही माहिती शिक्षकांना स्वतःत सुधारणा करण्यासाठी दिली जाते. सुधारणेपलीकडे ती आणखी कुठे कुठे जाते हे लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती.

निकाल लागला त्या दुपारी बाईंनी स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर आपलं पान उघडलं. सरासरी होती एकाच्याही खाली. आधी वाटलं दशांशचिन्ह सरकलं असेल. मग त्यांनी खालचा तक्ता पाहिला. 'विषयाचं ज्ञान' शून्य. 'शिकवण्याची तळमळ' शून्य. शून्याखाली शून्य, रांग लावून बसलेली. मध्येच कुठे एखादा चार, एखादा पाच. आणि अभिप्रायाच्या जागी चौघापाचांनी एकच शब्द लिहिला होता, उद्गारचिन्हासकट. 'भोपळा!'

नावडत्या असणं त्या समजू शकल्या असत्या. कडक शिक्षक सगळ्यांना थोडाच आवडतो? पण आपलाच शब्द उचलून आपल्याच तोंडावर मारावा, हे कुठे चुकलं म्हणून? त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि गणिताचे सर "काय झालं हो?" म्हणेपर्यंत त्या जिना उतरल्याही होत्या.

घरी सासूबाई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. सगळा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेला, त्यामुळे रडणाऱ्या माणसाला आधी पाणी आणि मग प्रश्न, ही त्यांची शिस्त. सून दारातून आली ती सरळ भिंतीला टेकून खाली बसली. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, ती प्यायली आहे याची खात्री केली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही हो आई. माझी नोकरी गेली." आणि मग सगळं सांगता सांगता बाईंचा बांध फुटला. "चाळीस पोरं! एकेकाचा हात धरून रेघ शिकवली. आणि शून्य? वर 'भोपळा' म्हणून लिहितात! जखमेवर मीठ चोळतात!"

सासूबाईंनी सुई अभ्र्याला टोचून ठेवली. "चाळीसही जणांनी?"

"चौघंपाच सोडून सगळ्यांनी."

"अगं, माझ्या वॉर्डात चाळीस रोग्यांना एकाच दिवशी एकसारखा ताप निघाला असता, तर मी चाळीस डॉक्टर बोलावले नसते. आधी थर्मामीटर झटकून बघितला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? रोज जेवताना माझं डोकं कोण खातं? 'आई, आज दोन भोपळे निघाले, आई, त्या खोडरबरला भोपळा मिळाला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.' शिकवलंस तू त्यांना की भोपळ्याच्या वर काही नाही. आणि आता त्यांनी तुला भोपळा दिला तर भोकाड पसरतेस!"

बाई तोंड उघडं टाकून सासूबाईंकडे बघत राहिल्या. संध्याकाळी नवरा चष्म्याचं दुकान बंद करून आला तेव्हा दोघी अजून तिथेच बसल्या होत्या. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "आईचा चष्मा मीच बनवलाय, पण तिला इतकं लांबचं दिसतं हे मला माहीत नव्हतं." बाई हसल्या, पण शंका काही पुरती गेली नाही. सासूबाईंचा अंदाज चुकला तर?

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तर सगळा वर्ग आधीच जागेवर. एरवी अर्धे दारात घुटमळत असायचे. आज सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागलेले, आणि खोडरबरला तर हसू आवरत नव्हतं.

बाईंनी टेबलाची कड धरली. "मला शून्य कुणी दिलं?"

हात असे वर गेले की बघत राहावं! कुणी बाकावर चढलं, कुणी दोन्ही हात वर केले. खोडरबर म्हणाली, "मॅडम, बघितलंत ना? सगळ्या प्रश्नांना दिला! आमचं आधीच ठरलं होतं. तुम्हाला कुणी कधी दिला नसेल ना भोपळा?"

मागून बोर्ड बडवायला सुरुवात झाली. बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बोर्ड थांबले. मॅडमना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही रे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मला कुणी कधी नव्हता दिला. तुमचे फार उपकार झाले माझ्यावर. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बाहेर दुनिया उलटी मोजते. तिथे शून्य म्हणजे टाकाऊ."

वर्गात कुजबूज सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या एकाचा मोठा भाऊ त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, सहाच्या खाली आलं तर कंत्राटवाल्यांना काढतात ना?"

बाईंनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलणं त्यांना खोटी रेघ काढण्याइतकंच अवघड. खोडरबरने कपाळावर हात मारून घेतला. "मेलो! आपणच मॅडमना घालवलं!" अर्धा वर्ग दाराकडे धावला.

"बसा खाली!" बाई कडाडल्या. "तास आहे. कुणीही कुठे जायचं नाही. आणि आता खरं काम करू. कुणी चार दिले, कुणी पाच दिले, ते मला हवेत. नावं नकोत. माझ्या चुका सांगा." त्यांनी खडू उचलला. दबक्या आवाजात एकेक चूक यायला लागली. फळ्याकडे तोंड करून बोलता, मागे ऐकू येत नाही. पहिली आकृती फार भराभर काढता. डावखुऱ्यांना सेट-स्क्वेअर कसा धरायचा हे कधी दाखवलंच नाहीत. आणि रागावलात की नाव विसरता, सगळ्यांना 'ए' म्हणता. बाईंनी चारही चुका फळ्यावर लिहिल्या, प्रत्येकीभोवती कडं केलं आणि खाली बेरीज मांडली. "पुढच्या तासाला यातली एकही दिसली तर बोर्ड बडवायचा," त्या म्हणाल्या.

तास सुटला आणि पोरांनी प्राचार्यांचं ऑफिस गाठलं. आत मावेनात म्हणून जिन्यापर्यंत रांग लागली. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे भोपळ्याचं काहीतरी आहे एवढंच प्राचार्यांना बराच वेळ कळलं. संध्याकाळी त्यांनी बाईंना बोलावलं.

"मॅडम, पोरं खरं बोलतायत असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. आज मी शून्याचे दहा केले, तर उद्या ज्याला खरोखर शून्य मिळालं तोही येईल आणि म्हणेल, माझ्या वर्गातही उलटं मोजतात. मग मी काय करू?"

बाईंना ते पटलं, आणि पटलं याचाच त्यांना राग आला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"नियमात एक वाट आहे. आकड्यांबद्दल शंका असेल तर प्रमुखाने स्वतः तासाला बसून मत द्यायचं. आजवर कुणी ती वाट वापरलेली नाही. मी येईन. कधी ते सांगणार नाही."

आले ते चारच दिवसांनी. तास सुरू होऊन गेला होता, मागचं दार हळूच उघडलं, आणि प्राचार्य शेवटच्या बाकावर खोडरबरच्या शेजारी वही-पेन घेऊन बसले. सगळी नोकरी त्या शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. पण त्यांच्या वर्गाचा एक नियम होता आणि तो त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडला.

"सर, माझ्या वर्गात बघे नसतात. बसायचं तर बोर्ड घ्यावा लागेल."

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं, वही मिटली आणि हात पुढे केला. "द्या."

त्या दिवशी पायरीसारखा कापलेला, मधोमध भोक असलेला लाकडी ठोकळा काढायचा होता. समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसतो ते. बाई वर्गाकडे तोंड करून बोलल्या, आकृती सावकाश काढली, डावखुऱ्यांना सेट-स्क्वेअर धरून दाखवला आणि प्रत्येकाला नावाने हाक मारली. प्राचार्यांना मात्र घाम फुटला होता. खोडरबर त्यांना हलक्या आवाजात विचारत होती, "सर, ही रेघ कशाची?" आणि ते गोंधळून म्हणत होते, "अगं, चांगली दिसते म्हणून काढली." "मग खोडा," ती म्हणाली, आणि आपला रबर त्यांना दिला.

शेवटी बाई लाल पेन्सिल घेऊन फिरायला लागल्या. शेवटच्या बाकापाशी आल्या आणि क्षणभर थांबल्या. ज्याच्या सहीवर आपलं सगळं अवलंबून आहे त्याचा कागद समोर होता, आणि चुका ढिगाने होत्या. दोनचार सोडून दिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? बाईंना कळलं असतं. त्यांनी पहिलं कडं केलं, मग दुसरं. भोकाची तुटक रेघ नाही. माप दाखवणाऱ्या बाणाचं टोक जाडं. समोरून दिसणारी पायरी वरच्या चित्रात हरवलेली. करत गेल्या, करत गेल्या आणि कोपऱ्यात आकडा लिहिला. सतरा.

प्राचार्य कागदाकडे बघत राहिले. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा मुलगा न राहवून मागे वळला आणि सवयीने विचारून बसला, "सर, तुमच्या किती?"

"सतरा," प्राचार्य म्हणाले.

"पहिल्याच दिवशी? भारीच की! हिच्या एकतीस होत्या."

खोडरबरने मान डोलावली, अगदी अभिमानाने. "सर, बाणाचं टोक मलाही महिनाभर जमत नव्हतं. दाखवू?"

प्राचार्यांनी तिच्याकडून बाणाचं टोक शिकून घेतलं, कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि निघून गेले. दारात थांबून त्यांनी एकदा वर्गाकडे वळून पाहिलं, एवढंच.

मग काहीच नाही. सत्र संपलं, परीक्षा झाल्या, बोर्ड भिंतीला लागले. रोज संध्याकाळी सासूबाई सुनेच्या तोंडाकडे बघायच्या आणि न विचारता चहा टाकायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "हे बघ, जागा मिळो न मिळो. असा भोपळा मिळायला नशीब लागतं." आणि बाईंना ते खरंच पटलं. रोज वर्गाला कुलूप लावताना त्या रिकाम्या बाकांकडे बघून मनातल्या मनात म्हणायच्या, पोरांनो, सुखी राहा. जे मिळालं ते कमी नाही.

सुट्टी लागायच्या दिवशी प्राचार्य स्वतः ड्रॉइंगच्या वर्गात आले. हातात गुंडाळी होती. "आधी हे तपासा," म्हणून त्यांनी ती टेबलावर पसरली. तोच लाकडी ठोकळा होता, पुन्हा काढलेला. घरी काढला असावा, कागदाला चहाचा डाग होता. बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"तीन."

"तीनच?" प्राचार्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "बाणाची टोकं?"

"बाणाची टोकं बरोबर आहेत."

त्यांनी समाधानाने गुंडाळी केली आणि कोटाच्या खिशातून लिफाफा काढून पुढे ठेवला. "आणि हेही तपासून घ्या. मी तीनदा वाचलंय, पण आता माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

लिफाफ्यात कायम नेमणुकीचा हुकूम होता. बाईंनी तो ओळ न् ओळ वाचला. नाव बरोबर होतं, विषय बरोबर होता, खाली सही होती. आणि अगदी कोपऱ्यात, सरकारी शिक्क्याच्या शेजारी, लाल पेन्सिलीने एक गोल काढलेला होता. कंपासाने.

बाईंनी हात जोडले.

"मला नका," प्राचार्य म्हणाले. "पोरांना जोडा. तुमच्या वर्गातून निघालो आणि जिन्यात उभा राहून विचार केला. सतरा चुका कुणी तोंडावर सांगितल्या आणि तरी पुन्हा काढावंसं वाटलं, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. नियमाला आणखी काय मत हवं?"

ते गेल्यावर बाईंनी हुकूम उजेडात धरून पुन्हा पाहिला. कंपासाचं टोक एकदा घसरलेलं होतं, मध्ये एकाऐवजी दोन भोकं पडली होती, आणि गोल जिथे जुळायला हवा तिथे केसभर फट राहिली होती.

लाल पेन्सिल हातातच होती. त्यांनी ती खाली ठेवली.